चौदा दिवसांच्या आत

३० जून, सोमवार

आज पहिल्या तीन सेकंडरी आल्या. ओवीने नाश्ता करताना सांगितलं, जणू पोस्टातून लाइटबिल आलं आहे.

पुढे वाचताना मलाच कळावं म्हणून लिहून ठेवते. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांना आधी एक सामाईक अर्ज करायचा. तो सगळ्यांकडे जातो. मग प्रत्येक कॉलेज आपापले प्रश्न पाठवतं. त्यांची निबंधासारखी उत्तरं लिहून परत पाठवायची, ती सेकंडरी. किती दिवसांत पाठवायची, हे कुठेही लिहिलेलं नाही. पण योकोहामाच्या कश्मिराचा मुलगा दोन वर्षांपूर्वी तिकडे लागला. ती म्हणाली, "नंदिनी, चौदा दिवस. पंधराव्या दिवशी गेली की त्यांना वाटतं, हिला आपण नकोच आहोत. आणि जागा काय थांबतात होय? येतील तसतशा भरत जातात."

ओवीचा जन्म न्यू जर्सीतला, माझ्या नवऱ्याच्या, श्यामच्या, पहिल्या पोस्टिंगमधला. म्हणून नागरिकत्व तिकडचं, पदवी तिकडची, आणि आता डॉक्टरकीही तिकडचीच हवी. सध्या ती आमच्याकडे जपानमध्ये, निशी-कसाईला आहे. स्टेशनपलीकडच्या वृद्धाश्रमात बाइतो करते, म्हणजे तासांवरचं काम. श्याम आठवडाभर ओसाकाला असतो, शुक्रवारी येतो. त्याने एक शीट बनवून दिली आहे. बावीस कॉलेजं, बावीस ओळी. चौदा दिवस उलटले की ओळ आपोआप लाल होते.

३ जुलै, गुरुवार

तिन्ही कॉलेजांनी एक प्रश्न सारखाच विचारला आहे. तुमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग. तीनशे शब्द.

हे काय आहे? बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांकडून दुःखाची टेंडरं मागवायची आणि ज्याचं वजनदार त्याला जागा द्यायची. ज्याच्या घरी सगळं सुखरूप आहे त्याने काय करावं? घरातलं कोणी आजारी पडायची वाट बघावी? यावर मी मंडळाच्या गणेशोत्सवात तासभर बोलू शकते. समोरचे लोक टाळ्याही वाजवतील आणि घरी जाऊन आपापल्या मुलांचे निबंध तपासायला बसतील.

मीही तेच केलं. ओवीला म्हणाले, "आजोबांवर लिही."

६ जुलै, रविवार

ओवीने लिहिलं. चांगलं लिहिलं आहे.

गेल्या वर्षी पदवी झाल्यावर ती चार महिने पुण्याला माझ्या बाबांकडे राहिली होती. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता, घास घशाखाली उतरत नव्हता. नाकातून नळी घालायचं ठरत होतं. ओवीने त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्र पसरलं. वाचायला मान खाली गेली, की घास नीट उतरायचा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. रोज दोन तास लागायचे. अग्रलेख संपेस्तोवर वरणभात संपायचा. इथल्या आश्रमातल्या एका आजींनाही ती आता असंच भरवते.

माझा भाऊ अंबरीष सांगतो, ओवी इकडे परत आली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. निबंधात ते नाही. तिला माहीत नसावं.

१० जुलै, गुरुवार

अंबरीषचा फोन आला. मी कायाबाचोच्या ऑफिसात होते, जिन्यात जाऊन घेतला.

"ताई, बाबांना न्यूमोनिया झालाय. रात्री व्हेंटिलेटरवर घातलं. तू ये."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"दोन-तीन दिवस म्हणतात. ये तू."

"बघते. ओवीच्या तीन सेकंडरी रविवारपर्यंत जायच्या आहेत."

तो पलीकडे कोणाशी तरी बोलला. मग म्हणाला, "बरं."

जागेवर परत आले. पुतळा होऊन बसले असं लिहिलं तर ते खोटं होईल. चाळीस पानांचं कंत्राट भाषांतराला होतं, त्यातली अकरा पानं केली. चुका नव्हत्या. चार वाजता रजेची चौकशी करायला मोरिता-सानकडे गेले. विचारलं, वडिलांसाठी किती दिवस मिळतात? ते खुर्चीतून उठले, खाली वाकले आणि हलक्या आवाजात दुःख व्यक्त केलं. पाच दिवस, म्हणाले. फॉर्म दिला.

'अजून नाही' एवढंच म्हणायचं होतं. जपानीत ते कसं म्हणतात हे मला उत्तम येतं, त्यावरच माझं पोट चालतं. मी वाकून आभार मानले.

१२ जुलै, शनिवार

तेरावा दिवस. आज तिन्ही पाठवल्या.

सकाळी अंबरीषने सांगितलं, डॉक्टरांनी आता हात टेकले, उद्यापर्यंत काय ते. ओवी आश्रमात कामावर होती. श्याम भाजी आणायला गेला होता. मी तिचा निबंध उघडला. शेवट तिने परवाच बदलला होता: 'आजोबा आता रुग्णालयात आहेत. पुढे काय होईल मला माहीत नाही.'

हा शेवट नाही. भाषण अशा जागी सोडलं तर श्रोते एकमेकांकडे बघतात, संपलं का म्हणून. बाबांनीच शिकवलं आहे मला. नववीत असताना स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ते म्हणायचे, नंदे, शेवट आधी लिही. कुठे पोचायचं ते ठरलं की पाय आपोआप पडतात.

मी शेवट लिहिला. साठ शब्द. 'जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आजोबा गेले. मी त्या वेळी दुसऱ्या देशात, दुसऱ्या कोणाच्या तरी आजीला घास भरवत होते. त्या आजींच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं.' पुढे आणखी दोन वाक्यं. चांगली आहेत.

अमेरिकेतला माणूस सोमवारी ते उघडेल. तोवर ते खरं झालेलं असेल.

ओवी दमून आली. "शेवट मी जरा नीट केलाय," मी म्हणाले. "पाठव आता."

"वाचू का एकदा?"

"उद्या चौदावा दिवस आहे. शब्द बरोबर तीनशे बसवलेत, काही हलवू नकोस."

तिने एकेक चिकटवलं. सगळ्यात खाली एक चौकोन असतो, 'वरील सर्व माहिती खरी आहे' असा. तिन्ही चौकोनांवर तिने टिक केलं. मग आंघोळीला गेली.

१५ जुलै, मंगळवार

बाबांची व्हेंटिलेटरची नळी काढली. अंबरीषने फोटो पाठवला. उशीला टेकून बसले आहेत, एक डोळा अर्धा मिटलेला. डॉक्टर म्हणाले, या वयात असं शंभरात एखाद्याचं होतं.

ओवी स्वयंपाकघरात उड्या मारत होती. "योकात्ता, योकात्ता! आजोबा इज बॅक!" मग मला मिठी मारली.

मला काही वाटलं नाही. दमल्यामुळे असेल. उद्या जाळायचा कचरा न्यायला येतात, पिशवी बांधून दाराशी ठेवली.

१८ जुलै, शुक्रवार

आज ओवीने वाचलं.

चौथ्या कॉलेजचा प्रश्न तोच आहे, म्हणून जुनं उत्तर घ्यायला तिने फाइल उघडली. मी कणीक मळत होते. ती बाहेर आली तेव्हा लॅपटॉप उघडाच तिच्या हातात होता, ट्रेसारखा धरलेला.

"आई, हे काय आहे?"

"काय?"

"तू आजोबांना मारलंस."

"ओवी, डॉक्टरांनीच सांगितलं होतं की—"

"चोत्तो मात्ते. थांब. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जातील. तू लिहिलंयस, गेले. आणि सही माझी आहे. तिन्हीवर."

मग मी बोलले. चाळीस मिनिटं बोलले असेन. निबंध म्हणजे साक्ष नव्हे. तू केलेली सेवा खरी आहे, ते चार महिने खरे आहेत, मग एका क्रियापदाने काय बिघडतं? तीनशे शब्दांत माणूस मावत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. आणि आता खुलासा पाठवलास तर त्यांच्यापुढे एकच गोष्ट उरेल, की या मुलीने खोटं लिहिलं. मुद्दे मी चांगले मांडले. कॉलेजात असताना एकाच विषयावर सकाळी अनुकूल आणि दुपारी प्रतिकूल बोलून दोन्ही बक्षिसं आणली होती मी.

ओवी ऐकत राहिली. शेवटी मी म्हणाले, "लगेच काही करू नकोस. थोडं थांब."

"कशासाठी?"

मी कणकेवर ओलं फडकं टाकलं.

"आई, कशासाठी थांबू मी?"

दार उघडल्याचा आवाज आला. श्याम आला होता. बॅग खांद्यावर तशीच ठेवून त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, "आमच्याकडे क्लायंटच्या सिस्टिममध्ये आपली चूक सापडली की त्याच दिवशी सांगतात. दुरुस्ती तयार नसली तरी सांगतात. उशीर झाला तर ते चिडतात. लपवलं तर मात्र पुन्हा काम देत नाहीत."

"ती तुझी सिस्टिम आहे," मी म्हणाले.

"हो. मी आपलं सांगितलं. तुम्ही दोघी काय ते ठरवा."

तो हात धुवायला गेला. पोळ्या मीच लाटल्या. तिघंही जेवलो.

२० जुलै, रविवार

कश्मिराला फोन केला. ती हसली. "कोण तपासतंय गं? अमेरिकेतून कोणी पुण्याला फोन लावून विचारणार आहे का, की आजोबा आहेत का घरी म्हणून? पोरगी फारच सरळ वाढवलीस तू."

मग जरा थांबून म्हणाली, "पण आता बरे आहेत ना बाबा?"

"हो, बरे आहेत."

"मग छान झालं की."

मी हो म्हणाले.

ओवीने बाकीचं लिहिणं थांबवलं आहे. पहिल्या तिघांना खुलासा जाईपर्यंत एकही सेकंडरी पाठवणार नाही, म्हणते. सहा येऊन पडल्या आहेत. मी म्हणाले, निदान त्या तरी पाठव, त्यात आजोबा घालू नकोस. ती म्हणाली, "मला आता काहीच लिहिता येत नाहीये." भांडत नाही. कामावर जाते, येते, भांडी घासते.

मी रोज ऑफिसला निघण्यापूर्वी अंबरीषला मेसेज करते: कसे आहेत? आज उत्तर आलं: अर्धी इडली खाल्ली.

२४ जुलै, गुरुवार

चौथी ओळ उद्या लाल होईल.

मोरिता-सान टेबलापाशी आले. फार संकोचत म्हणाले, फॉर्म अजून आला नाही, निधनाच्या तारखेचा रकाना भरून द्याल का? घाई नाही, या दिवसांत सुचत नाही हे ते समजू शकतात. दोन आठवडे झाले, माझ्या टेबलापाशी सगळे आवाज कमी करून बोलतात. परवा कोणीतरी न सांगता चहा आणून ठेवला होता.

"कळवते," मी म्हणाले.

फॉर्म खणात आहे. नाव, नातं, रजेचे दिवस, सगळं भरलेलं आहे. तारीख रिकामी आहे.

अंबरीष: आज काठी घेऊन गॅलरीपर्यंत गेले.

वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

२७ जुलै, रविवार

सकाळी अंबरीषने मेसेजऐवजी फोनच केला. "ताई, रोज विचारतेस कसे आहेत, कसे आहेत. घे, त्यांनाच विचार. हे बघ, इथेच बसलेत."

"मी ट्रेनमध्ये आहे," मी म्हणाले. "इथे ट्रेनमध्ये फोनवर बोललेलं चालत नाही."

"बरं. नंतर करतेस?"

"करते."

"ताई, बुधवारीही तू ट्रेनमध्येच होतीस. संध्याकाळीसुद्धा."

"ऑफिस लांब आहे रे."

"आज रविवार आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्यांना वाटतं तू रागावलीस," तो म्हणाला आणि त्यानेच फोन ठेवला.

मी गॅलरीत होते. कपडे वाळत घालत होते. खाली सायकलवरून लोक अराकावाच्या काठाकडे चालले होते. खरं तर रागवायचं काय आहे? एवढी वर्षं व्यासपीठावरून मी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत आले, की माणसाने आपल्या शब्दाला जागावं. आणि आता रोज सकाळी इडलीची बातमी वाचताना काय होतं ते मला इथेसुद्धा लिहिता येत नाही. लिहायला बसले होते. वीस मिनिटं बसले. मग ओवीचे कपडे इस्त्रीला घेतले.

२ ऑगस्ट, शनिवार

ओवीने खुलासा पाठवला. मला न विचारता.

पाठवून झाल्यावर फोन माझ्यापुढे ठेवला. इंग्रजीत आहे, चारच ओळी. 'माझे आजोबा जिवंत आहेत. माझ्या उत्तरात ते गेले असं लिहिलं आहे. मी ते न वाचता पाठवलं आणि खरं असल्याची सही केली. चूक माझी आहे. बदललेलं उत्तर सोबत जोडलं आहे.'

"माझं नाव का नाही घातलंस?" मी विचारलं.

"अर्ज माझा आहे."

"पण ते वाक्य मी लिहिलं होतं."

"हो. पण वाचायचं काम माझं होतं ना, आई? मी तेवीस वर्षांची आहे. आश्रमात औषधाच्या पुडीवरचं नाव मोठ्याने वाचल्याशिवाय गोळी देत नाही मी. तिथे तीन वेळा वाचते."

तिने फ्रिजमधलं ताक काढून दोन ग्लास भरले. एक माझ्यापुढे सरकवला.

"तुला माहितीये, आजोबांना मी सांगितलंय," ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"सगळं. मागच्या शुक्रवारी. त्यांना विचारूनच पाठवलं."

"मग? काय म्हणाले?"

"ते तूच विचार."

६ ऑगस्ट, बुधवार

पहिल्या कॉलेजचं उत्तर आलं. अर्जाचा पुढे विचार करता येणार नाही. कारण दिलेलं नाही. दुसऱ्याने लिहिलं, खुलासा नोंदवला आहे. तिसऱ्याकडून काही नाही.

पहिलं कॉलेज तिला सगळ्यात जास्त हवं होतं. तिथे वृद्धांवरच्या उपचारांचा मोठा विभाग आहे. ती खोलीत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"आई, प्लीज, स्पीच नको," ती म्हणाली. मी बोलतच नव्हते.

मग ती टेबलाशी बसली. संध्याकाळपर्यंत दोन सेकंडरी लिहून पाठवल्या, दोन्ही उशिरा. शेवट तिने स्वतःचा ठेवला आहे. आजोबा आता स्वतःच्या हाताने इडली खातात. पुढे काय होईल मला माहीत नाही. मी वाचलं आणि एकही शब्द हलवला नाही. शीटमध्ये पाच ओळी लाल आहेत.

१० ऑगस्ट, रविवार

बाबांना फोन केला. एक महिना होत आला असता. कशापासून एक महिना ते लिहिणार होते, पण तसं काही झालेलं नाही.

अंबरीषने काही न बोलता फोन त्यांच्याकडे दिला. त्यांचे शब्द आता जड येतात, एकेक शोधून ठेवल्यासारखे.

"कोण? नंदी?"

"हो बाबा."

"मी वारलो म्हणे."

"बाबा..."

"इंग्रजीत. ओवी म्हणाली. फक्कड लिहिलंय म्हणाली आईनं." ते हसले, मग खोकले. पलीकडे अंबरीषने पाणी दिलं असावं. "वाच."

"कशाला आता? ते बदललंय. तिने ती चूक सुधारली."

"तिचं मी ऐकलं. तुझं वाच. मराठीत सांग."

मी लॅपटॉप उघडला. उभी राहूनच वाचलं, सवयीने. एकेक वाक्य मनात मराठी करत गेले. वर्तमानपत्र, वरणभात, अग्रलेख. तिथपर्यंत ओवीचं होतं. मग माझे साठ शब्द आले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आजोबा गेले. माझा आवाज नीट होता. कुठे थांबायचं, कुठे खाली आणायचा, सगळं बरोबर झालं. वाचून झालं. मला वाटलं त्यांना झोप लागली.

"बाबा?"

"त्यात तू आलीस का गं?"

"कुठे?"

"मी गेल्यावर. पुण्याला. आलीस का तू?"

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. खरोखर पाहिलं, वरपासून खालपर्यंत. त्यात ओवी आहे. ते आहेत. आश्रमातल्या आजी आहेत.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "त्यात मी नाहीये."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे तेवढं खरं लिहिलंस."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता, आणि त्यांच्या श्वासाचा. अंबरीष दोनदा "हॅलो, ताई?" म्हणाला. मी फोन ठेवला नाही.